दारावर येणारी माणसं

गोव्यात महागाई मोजायची तर पेट्रोलने मोजू नये, सोन्यानेही नको, नारळाने मोजावी. नारळ भाटकाराच्या, म्हणजे बागायतीच्या मालकाच्या घरी लागतो तसा भाड्याच्या खोलीतही लागतो. सकाळच्या भाजीवर लागतो, दुपारच्या हुमणात, म्हणजे माशांच्या कढीत लागतो, देवापुढे लागतो आणि घरातलं कोणी गेलं तर तिथेही लागतो. २०२५च्या चतुर्थीच्या तोंडावर फोंड्याच्या बाजारात बेताच्या आकाराचा नारळ चाळीस-पन्नास रुपयांना विकला जात होता. काही वर्षांमागे तोच पंधरा-वीस रुपयांत यायचा. आमच्यासारख्या चार माड असलेल्या घरांत तर नारळ विकत आणणं हे कमीपणाचं मानत. आज आम्हीही आणतो.

ही दरवाढ प्रथम कळते ती वाटणात. बांगड्याच्या हुमणाला आमच्याकडे अख्खा नारळ जायचा. आदोळीवर बसून खोवायचा, धणे, सुकी मिरची, हळद, चिंच घालून गंधासारखा वाटायचा, आणि कडी उतरवताना वरून ठेचलेली तेफळं. आता अर्ध्या नारळात भागवतो. कडी दाट दिसावी म्हणून वाटणात चमचाभर भिजवलेले तांदूळ घालतो. आमसुलांची सोलकढी नारळाच्या रसाची व्हायची, तिच्या जागी आठवड्यातून बऱ्याच वेळा फुटी कढी होते. फुटी कढी वाईट नसते, पोटाला चांगलीच. पण ती आवडीने करणं वेगळं आणि नारळ नाही म्हणून करणं वेगळं. जेवणाऱ्याला पहिल्याच घासाला कळतं. कोणी काही बोलत नाही, आणि ते न बोलणं रांधणाऱ्या बाईला जास्त लागतं.

नारळ का महागला हे विचारलं तर पसरकार, म्हणजे दुकानदार, दोन शब्दांत उत्तर देतो: ‘माल ना.’ ते खरंही आहे. गोव्याला पुरेल एवढा नारळ गोव्यात होत नाही. कर्नाटक, केरळ, तामिळनाडूतून येतो. तिकडे उन्हाळे कडक गेले, पाऊस लहरी झाला, पांढऱ्या माशीने झावळ्या काळ्या पडल्या आणि शहाळ्यांना भाव आल्यावर बागायतदारांनी कोवळेच नारळ उतरवायला सुरुवात केली. पण आपल्या दारातल्या माडांचं काय? ते अजून उभे आहेत आणि त्यांना नारळही लागतात. माकडांचे कळप कोवळे नारळ पोखरून टाकतात ही एक अडचण. दुसरी अडचण माणसाची आहे. चढायला पाडेली नाही.

पाडेली म्हणजे नारळ पाडणारा. दर अडीच-तीन महिन्यांनी पाडो, म्हणजे नारळांची उतरवणी, असायचा. आमच्या वाड्यावर यायचा तो पाडेली पायात दोरीचा वेढा अडकवून बघता बघता शेंड्यावर पोचायचा. नारळ पाडणं हे त्याच्या कामातलं सोपं काम. वर गेला की तो शेंडा साफ करायचा, सुकलेली चुडतं सोडायचा, गेंड्या भुंग्याने भोक पाडलं असेल तर वरून ओरडून सांगायचा. आणि वरून त्याला अख्खा वाडा दिसायचा. कुणाचं कौल सरकलंय, कुणाच्या विहिरीत कासवाएवढा दगड पडलाय, मागच्या बाजूच्या गडग्याला कुठे खिंडार पडलंय, हे आम्हाला पाडेलीकडून कळायचं. खाली उतरून पेलाभर चहा घेताना तो ते सगळं सांगायचा आणि पुढच्या घरी जायचा. त्याला मजुरी मिळायची, वर नारळ मिळायचे. त्याची मुलं आज कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी माडावर चढावं असं मी म्हणणार नाही. पडून कंबर मोडलेले पाडेली मी पाहिले आहेत आणि त्यांच्या घरची परवडही पाहिली आहे.

आता झारखंडचा एक तरुण मुलगा यंत्र लावून चढतो. मेहनती आहे, प्रामाणिक आहे, माडामागे पैसे घेतो. फोन केला की आठवड्या-दोन आठवड्यांत येतो. पण तो येईपर्यंत नारळ आपोआप खाली पडत राहतात. आणि या पडलेल्या नारळांवरूनच आमच्या वाड्यावर पहिल्यांदा दारं लागायला लागली.

पडलेला नारळ हा पूर्वी वादाचा विषय नव्हता. पोरं उचलून घरी आणून द्यायची; एखाद्या म्हातारीने चुलीसाठी पिड्डे, म्हणजे झावळ्यांचे सुके देठ, गोळा करता करता नारळही उचलला तर कुणी हिशोब मागत नसे. पंधरा रुपयांच्या वस्तूसाठी कोण शेजाऱ्याशी तोंड वाईट करणार? पन्नास रुपये झाल्यावर मात्र माणसं मोजू लागली. रात्री धप्प असा आवाज झाला की बॅटरी घेऊन बाहेर जाणारे लोक मी बघितले. सकाळी नारळ दिसला नाही की आधी कुजबुज व्हायची, मग नावं घेतली जायची. एका घराने माडांच्या बाजूने जाळीचं कुंपण घातलं आणि त्यामुळे मागची पायवाट बंद झाली. ती वाट देवळाकडे जाणारी आणि बायकांच्या पायाखालची. संध्याकाळच्या आरतीला त्या वाटेने आठ-दहा बायका बोलत बोलत जायच्या. आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागतं, म्हणून निम्म्या जातच नाहीत. जिथून कोणी जात-येत नाही ती जागा काळोखातली होते, दिवा असला तरी. पुढे त्याच बाजूला वाळत घातलेल्या सुपारीचं पोतं गेलं. मग एका घराच्या मागच्या पडवीतला गॅसचा सिलिंडर गेला.

महागाई आणि असुरक्षितता या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं आपण धरून चालतो. पहिलीसाठी सरकारकडे बोट, दुसरीसाठी पोलिसांकडे. माझ्या वाड्यावर मला त्या एकाच घरातून निघालेल्या दिसतात. दारावर जी माणसं यायची ती आपल्याला माल द्यायची आणि आपल्यावर नजरही ठेवायची. ती येईनाशी झाली तसं घर महाग झालं आणि उघडंही पडलं.

माझ्यासाठी ही गोष्ट आमच्या नुस्तेकान्नीपासून, म्हणजे मासे विकणाऱ्या बाईपासून सुरू होते. डोक्यावर पाटी घेऊन ती सकाळी यायची, सोप्यावर पाटी उतरवायची, ओल्या फडक्याखालून बांगडे काढायची. तिचे वाटे ठरलेले. तिला कुणाकडे किती माणसं जेवतात ते माहीत, कुणाकडे सोमवार पाळतात ते माहीत, कुणाच्या सुनेला दिवस गेल्यावर नुस्त्याचा वास सोसत नाही तेही माहीत. घासाघीस व्हायची. ‘हांवें कितलें म्हण उणें करूं?’ असं म्हणत ती शेवटी वाट्यावर दोन तारले टाकायची. ज्या घरी त्या महिन्यात तंगी असेल तिथे पैसे पुढच्या खेपेला. हे उधार कुठल्या वहीत नव्हतं.

आमच्या शेजारी एक काकी एकट्या राहत. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला. एका सकाळी नुस्तेकान्न माझ्याकडे आली ती पाटी न उतरवताच बोलली, ‘बाये, काकीचें दार आयज अजून उकतें ना गो.’ मी म्हटलं, झोपल्या असतील. ती हलेना. काकी पहाटे उठून तुळशीपुढे दिवा लावतात, आज तुळशीपुढे वात नाही, झाडलोटही नाही, हे तिने रस्त्यावरूनच टिपलं होतं. आम्ही दोघी मागच्या दाराने गेलो. काकी न्हाणीत पडल्या होत्या. शुद्धीवर होत्या, पण उठता येत नव्हतं. आवाज बाहेरपर्यंत पोचत नव्हता. खुब्याचं हाड मोडलं होतं. १०८ला फोन केला, गाडी आली, त्या वाचल्या. पुढे कितीतरी महिने त्या काठीने चालल्या, आणि नुस्तेकान्नीला दर चतुर्थीला लुगडं दिलं.

ती नुस्तेकान्न आता येत नाही. वय झालं हे एक. पण वयाच्या आधीच तिचा धंदा बसला होता. बांगड्याचा वाटा महागला तशी घरं रोजची आठवड्यावर आली. बसचं भाडं, बर्फाचे पैसे आणि पाटीभर मालाची खरेदी यांचा मेळ चार घरांच्या विक्रीत बसेना. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या दोन महिन्यांत आमच्याकडे सुक्या बांगड्यावर, खारावलेल्या सुंगटांवर (कोळंबीवर), खाडीतल्या खुब्या-तिसऱ्यांवर भागवायचं असतं. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरून ठेवायचं ते यासाठीच. पण पुरुमेंत भरायलाही आता गाठीला पैसा लागतो. बंदी उठल्यावर भाव उतरतात हा जुना अनुभव. हल्ली ते फार उतरत नाहीत. तारले काही वर्षं दिसतच नाहीत आणि काही वर्षं ढिगाने येतात. समुद्रात एलईडीचे दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तरी किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणीवाले आणि छोट्या होड्यांवाले अजून त्याच तक्रारी घेऊन फिरतात. शिवाय चांगला इसवण, चांगलं पापलेट धक्क्यावरूनच हॉटेलात जातं. २०११च्या जनगणनेत गोव्याची वस्ती १४ लाख ५८ हजार होती. २०२४ साली या राज्यात एक कोटीहून जास्त पर्यटक येऊन गेले. पाहुणा जेवला पाहिजे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, आणि त्या पाहुण्यांवर किती घरांची चूल पेटते हेही ठाऊक आहे. पण यजमानाच्या ताटातला तुकडा दिसेनासा होऊ लागला तर त्याने बोलायचं की नाही?

२०१८च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याचा गवगवा झाला आणि बाहेरची मासळी काही दिवस बंद केली गेली. त्या दिवसांत वाड्यावरची प्रत्येक बाई म्हणत होती, आपली नुस्तेकान्न असती तर हे भय नव्हतं. अन्नाची सुरक्षितता ही अशी असते. ज्या बाईला उद्या परत आपल्याच दारात यायचं आहे ती कुजकं नुस्तं घालत नाही. प्रयोगशाळा हव्यातच, तपासणी हवीच. पण परीक्षानळी रोज सोप्यावर येत नाही.

आता मी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण जुन्या दिवसांबद्दल लिहिताना ती सुटून जाते. पूर्वी दारं उघडी असायची, चोऱ्या नव्हत्या, सगळे एकमेकांना सांभाळायचे, असं ऐकत आपण मोठे झालो. सांभाळायचं कोण? भाटातल्या झोपडीत राहणारा मुंडकार. भाटकाराने त्याला जागा दिली ती माडांवर नजर ठेवायला. रात्री आवाज झाला की उठायचं त्याने, पडलेले नारळ मोजून घरात आणून द्यायचे त्याच्या बायकोने, आणि एक दिवस भाटकाराची मर्जी फिरली की बोचकं उचलून निघायचं त्या दोघांनी. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला तेव्हा कुठे त्यांच्या पायाखाली जमीन आली. म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळची ती निर्धास्त झोप दुसऱ्या कुणाच्या जागरणावर उभी होती आणि त्या जागरणाचं मोल कुणी दिलं नव्हतं. ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. मला हवी आहे ती ओळख. ती वेठबिगार नको.

राखणदाराचंही तसंच. आमच्याकडे गावाच्या सीमेवर राखणदार असतो. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, पायात वहाणा घालून तो रात्री गावाची फेरी मारतो अशी श्रद्धा. वहाणा झिजतात म्हणून नवस बोलणारे नव्या वहाणा नेऊन ठेवतात, रोट देतात. माझी आजी सांजवेळी त्या दिशेला हात जोडल्याशिवाय दाराला अडसर घालत नसे. श्रद्धा ठेवणारी बाई होती, तरी अडसर घालायची. दोन्ही करायची. आजच्या काळात मला तिचा हा शहाणपणा फार मोठा वाटतो.

२०२५ साल गोव्यातल्या माणसाला झोप न देणारं गेलं. एप्रिलमध्ये दोनापावलात आणि ऑक्टोबरमध्ये म्हापशाच्या गणेशपुरीत घरात घुसून, घरच्यांना बांधून घालून दरोडे पडले. दोन्ही घरं भर वस्तीतली. त्यानंतर आमच्यासारख्या खेड्यांतही लोखंडी जाळ्या करणाऱ्यांकडे रांग लागली. कॅमेरे आले. एकट्या राहणाऱ्या बायकांनी मंगळसूत्र घरात ठेवून काळ्या मण्यांची पोत घालायला सुरुवात केली, कारण मोटारसायकलवरून येऊन गळ्यातलं ओढून नेणाऱ्यांच्या बातम्या दर महिन्याला पेपरात असतात. देवळांच्या फंडपेट्या फोडल्याच्या बातम्या तर इतक्या येतात की आता त्या आतल्या पानावर जातात.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. आमच्या देवस्थान समितीनेही बसवले आणि बरं केलं. पण कॅमेरा झालेलं दाखवतो. काकी न्हाणीत पडल्या तेव्हा बाहेर कॅमेरा असता तर त्याने बंद दाराचं चित्र टिपत ठेवलं असतं. दार बंद आहे यात काहीतरी बिघडलंय हे ओळखायला त्या घरचं रोजचं उघडणं-मिटणं माहीत असलेला माणूस लागतो. तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक सगळ्यांना पाठ असावा, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० पाठ असावा, मी दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून वाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या फोनपाशी चिकटवले आहेत. तरीही ११२ला फोन करणारं कोणीतरी जवळपास असावं लागतं.

असं काही घडलं की बोट लगेच परप्रांतीयांकडे जातं. आमच्या गटात लगेच संदेश फिरतात: भाड्याच्या खोल्या रिकाम्या करा, कुणाला ठेवू नका. भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे झालीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. घरमालक भाडं रोखीत घेतो, फॉर्म भरत नाही, खोलीत दहा माणसं कोंबतो. त्यात दोष त्या दहा माणसांचा कमी आणि घरमालकाचा जास्त. हे घरमालक आपलेच, आपल्याच देवळाचे महाजनही असतात, म्हणून त्यांना कोणी बोलत नाही. पण सरसकट ‘घाटी’ म्हणून तोंड फिरवणाऱ्याने एकदा आपल्या घरचा दिवस बघावा. माड कोण उतरवतो, भाजी कोण आणतो, बांधकामावर कोण, आजारी सासऱ्याची रात्रपाळी कोण करतो? त्या झारखंडच्या मुलाला मी एकदा विचारलं की वाड्यावर कुणाशी बोलतोस का. म्हणाला, लोक पैसे खिडकीतून देतात. आमच्या जुन्या पाडेलीला दिसायचं ते सगळं या मुलालाही वरून दिसतं. फक्त खाली उतरल्यावर त्याला चहा देऊन ‘काय दिसलं रे बाबा?’ असं विचारणारं कोणी नाही. गेल्या पाड्याला मी विचारलं. त्याने सांगितलं की मागच्या बंद घराच्या खिडकीचं गज वाकवलेलं आहे. ते घर परदेशी गेलेल्या कुटुंबाचं. आम्ही त्यांना फोन केला, त्यांच्या भावाने येऊन गज बदलून घेतले.

अशी बंद घरं आता प्रत्येक वाड्यावर आहेत. काही नोकरीसाठी बाहेर गेलेल्यांची, काही भावाभावांच्या खटल्यात अडकलेली, काही दिल्ली-मुंबईच्या लोकांनी घेऊन ठेवलेली, वर्षातून आठवडाभर उघडणारी. बंद घराचा माड कोणी उतरवत नाही, विहीर कोणी उपसत नाही, परसात कोणी तांबडी भाजी पेरत नाही. म्हणजे अन्नही तेवढं कमी आणि रात्री पेटणारे दिवेही तेवढे कमी. जमिनीला भाव आला की माड जातो. २०१६ साली तर कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडांच्या व्याख्येतूनच काढलं होतं, लोकांनी आवाज केल्यावर २०१७ साली परत घेतलं. तो आवाज केला नसता तर आज पन्नास रुपयांच्या नारळाबद्दल बोलायला माड तरी किती उरले असते कोण जाणे.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २०१२ साली गृह आधार योजना आली ती महागाईतून गृहिणीला थोडा आधार म्हणूनच. दर महिन्याला एक हजाराने सुरुवात झाली, पुढे ती रक्कम १,५०० झाली. आमच्या वाड्यावर या पैशांवर गॅस येतो, मुलांची वह्या-पुस्तकं येतात. मी त्याला हलकं लेखणार नाही. फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे आहेत, तिथे फळ्यावर दर लिहिलेले असतात आणि बाजारापेक्षा स्वस्त भाजी मिळते. पण ती भाजी बहुतेक बेळगावची. पावसात चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटात दरड आली की आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी कोथिंबिरीची जुडी सोन्याची होते. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा आम्ही बायकांनी बिंबलं आणि आमसुलं बाहेर काढली, आणि त्याने काही अडलं नाही. आपल्याकडे आंबट कमी नाही. अडतं ते रोजच्या कांदा-बटाट्यावर, कारण ते आपल्याकडे फारसे होत नाहीत.

आपलं जे होतं ते मात्र खूप होतं, आणि पावसाळ्यातच होतं. श्रावण-भाद्रपदात आमच्या तिठ्यावर चार-पाच बायका खाली गोणपाट अंथरून बसतात. सात शिरांची लांब भेंडी, दोडकी, तवशीं, अळू, किल्ल, डोंगरउतारावरचा चिबूड. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच बायका गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन येतात: कांगलां, घागऱ्या, आयटां, सुपारीची शिपटी. रानात काटे तुडवून आणलेलं. ज्यांना ही फळं कुठल्या झाडावर, कुठल्या पाणंदीत मिळतात ते माहीत आहे अशा बायका आता थोड्याच उरल्या आहेत, आणि त्या साठीच्या पुढच्या आहेत.

त्यांच्यातली एक गेली काही वर्षं वर्षभर बसते. पाऊस सरला की मुळा, तांबडी भाजी, वाल, मिरच्या. उन्हाळ्यात आमसुलं, हळसांदे आणि काजू. आमच्या तिठ्यावरून रात्री आठ-साडेआठला शेवटच्या बसने मुली परततात, कुंडईच्या कारखान्यांतून, फोंड्याच्या दुकानांतून. तिठ्यापासून वाड्यापर्यंत मधे एक मोरी, म्हणजे छोटा पूल, आहे, तिथला दिवा बंद असतो. या मुली उतरल्या की तिच्यापाशी थांबतात, भाजी घेतात, दोघी-तिघी जमल्या की मग एकत्र पुढे येतात. हे कुणी ठरवलेलं नाही. ती बाई भाजीचे उरलेले वाटे थोडे कमी भावात देते आणि शेवटची मुलगी येईपर्यंत उठत नाही. एकदा मी तिला म्हटलं, वयनी, तुम्ही एवढ्या उशिरापर्यंत का बसता? तिने बसची वेळ सांगितली आणि मुलींची नावं घेतली.

मागच्या हंगामात तिच्याकडून सोपो, म्हणजे विकायला बसण्याचा कर, वसूल करायला ठेक्याची माणसं रोज येऊ लागली. पावती लहान, मागणी मोठी. चार जुड्या विकणाऱ्या बाईने दिवसाला त्यांना एवढे पैसे द्यायचे तर ते भाजीवरच चढणार. तसे ते चढले. तांबड्या भाजीची जुडी महागली, आणि ती संध्याकाळी लवकर उठू लागली, कारण जेवढा वेळ बसेल तेवढी कटकट. त्या दिवसांत एका मुलीच्या मागे मोरीपर्यंत एक मोटारसायकल आली. काही झालं नाही, ती धावत घरी पोचली. दुसऱ्या दिवसापासून तिचे वडील तिला आणायला तिठ्यावर जाऊ लागले. ते रात्रपाळीला असतात तेव्हा तिने कामावर सुट्टी टाकायची. तिच्या पगारावर त्या घरची निम्मी चूल चालते.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत कचरा आहे, बांधकाम परवाने आहेत, कॅमेऱ्यांचा प्रस्तावही आहे आणि मी त्याच्या बाजूने हात वर करणार आहे. पण त्याआधी आम्ही वाड्यावरच्या बायकांनी सही करून तीन मागण्या लिहून दिल्या आहेत. गावातल्या, स्वतः पिकवून विकणाऱ्या बायकांना तिठ्यावर सोपो माफ करावा. मोरीवरचा दिवा वीज खात्याकडून दुरुस्त करून घ्यावा आणि तो बंद पडला तर कुणाला फोन करायचा ते पंचायतीच्या फळ्यावर लिहावं. आणि जाळीच्या कुंपणाने बंद झालेली देवळाकडची पायवाट, तीन हात रुंदीची का होईना, मोकळी करून द्यावी. कुंपण घातलेल्या घरच्यांशी आम्ही बोललो आहोत, त्यांची अट एवढीच की पडलेले नारळ सकाळी त्यांच्या सोप्यावर पोचले पाहिजेत. ते पोचवायचं आम्ही कबूल केलं आहे. भाजीवाल्या वयनीलाही सभेला यायला सांगितलं आहे. ती म्हणाली, सकाळची विक्री आटोपून येते, मला मागची खुर्ची धरून ठेवा.